गुदाशयाचा कर्करोग : दुर्बिणीतून की पोट उघडून?

विरारच्या मनवेलपाड्यातल्या एखाद्या घरात गुदाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं, की बहुतेकदा विरार लोकलने दादर आणि पुढे परळचं टाटा रुग्णालय गाठलं जातं. शस्त्रक्रिया ठरली की घरचे विचारतात, 'दुर्बिणीतून होईल ना?' याचं उत्तर तीन निकषांवर तपासायला हवं.

१. रोग पुरता निघतो का?
गुदाशय ओटीपोटात, हाडांमधल्या अरुंद जागेत असतो. त्याच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणात लसिकाग्रंथी असतात. रोग बहुधा आधी तिथे पसरतो. हे आवरण अखंड काढण्याचं महत्त्व इंग्लंडचे शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२मध्ये मांडलं. चीर लहान असो वा मोठी, आतलं काम हेच. काढलेल्या भागाला पॅथॉलॉजिस्ट बाहेरून शाई लावून काप घेतात. शाईपासून १ मिलिमीटरच्या आत गाठ आढळली, तर कड बाधित धरतात.

आठ देशांतल्या १,०४४ रुग्णांच्या 'कलर-२' चाचणीत (२०१५) तीन वर्षांत त्याच भागात रोग उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या आणि पोट उघडण्याच्या अशा दोन्ही गटांत ५ टक्के होतं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत मात्र आवरण व कडा निर्दोष निघण्याचं प्रमाण दुर्बिणीने ८२, तर पोट उघडून ८९ टक्के आलं. पुढच्या दोन वर्षांच्या पाठपुराव्यात रोग उलटण्यात ठळक फरक दिसला नाही.

२. रुग्ण लवकर सावरतो का?
कलर-२मध्ये दुर्बिणीच्या गटात रक्तस्राव साधारण २०० मिलिलिटर, उघड्या गटात ४०० होता. मुक्काम ८ आणि ९ दिवस. शस्त्रक्रियेला मात्र १८८ऐवजी २४० मिनिटं लागली, आणि गुंतागुंत जवळपास सारखीच राहिली. म्हणजे फायदा खरा, पण बेताचा.

३. कोणाला आणि कोणाच्या हातून?
शेजारच्या अवयवांत शिरलेल्या गाठी कलर-२मध्ये घेतल्या नव्हत्या. तिचा निष्कर्ष त्यांना लावू नये. दुर्बिणीच्या गटात सुमारे सहातल्या एका रुग्णाचं पोट मध्येच उघडावं लागलं. आवरण फाटण्यापेक्षा तो निर्णय केव्हाही शहाणपणाचा. मलविसर्जनाची पिशवी लागेल का, हेही मुख्यतः गाठ गुदद्वारापासून किती उंचीवर आहे यावर ठरतं, चिरेवर नाही.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारावं : एमआरआयमध्ये कड मोकळी दिसते का? आधी रेडिएशन-केमो हवं का? असं ऑपरेशन तुमच्या पथकाकडे नेहमी होतं का? ही उत्तरं समाधानकारक असतील, तर दुर्बीण जरूर निवडावी. नसतील, तर केवळ लहान चिरेसाठी हट्ट धरू नये.