पाणी, साबण आणि कोरडी कातडी

मनुष्याचा इतिहास राजवाड्यांत आणि रणांगणावर शोधण्याची आपल्याला सवय झाली आहे. पण त्याचा पुष्कळसा भाग न्हाणीघरात घडला आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हंड्यात येणारे पाणी बदलले की पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी बदलतात, आणि त्या बदलाची पहिली खबर कित्येकदा अंगाची कातडीच देते.

बालाघाटहून सिवनीच्या रस्त्याला लागले की लालबर्रा लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाताचा मुलूख. १८६७ साली बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे त्याचा कारभार नागपूरच्या राजधानीशी बांधलेला राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमारेषा नकाशावर पडली, पण वैनगंगेने ती जुमानली नाही. वरच्या अंगाला सिवनी-बालाघाट, खालच्या अंगाला गोंदिया-भंडारा, आणि दोहोंकडे तीच शेती, तेच तलाव व पाण्याविषयीच्या त्याच समजुती.

या मुलखाची जुनी पाणीव्यवस्था उघड्या पाण्याची होती. नदी, नाले, तलाव आणि उथळ विहिरी यांवर गावे जगत. भंडाऱ्याकडे कोहळी समाजाने तलाव बांधण्याची विद्या जोपासली. बालाघाटकडे ढूटीजवळ वैनगंगेवर ब्रिटिश अमदानीत बंधारा झाला आणि कालव्यांनी शेते भिजू लागली. तलावातले पाणी म्हणजे बहुतांशी साचलेला पाऊस. खडकाशी त्याची ओळख थोडी, म्हणून त्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षारही थोडे. अशा पाण्याला लोक ‘हलके’ म्हणत. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही ते ‘जड’. रसायनशाळा नव्हती, पण चूल होती, आणि चुलीचा निकाल बहुधा खरा ठरे.

परंतु हे हलके पाणी निर्धोक होते, असे समजणे मोठी चूक होईल. पायऱ्यांच्या विहिरीत व तळ्यात माणसे उतरत, आणि तेथूनच नारू फैलावे. हातभर लांबीचा तो जंत पायाची कातडी फोडून बाहेर येई आणि पेरणीच्या दिवसांत धडधाकट कुणबी महिनामहिना अंथरुणाला खिळे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये नारूने पीडलेली होती. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली आढळला व २००० साली देश नारूमुक्त ठरला. उन्हाळ्यात तळी आटली की अंघोळ दुर्मिळ होई आणि खरजेला रान मोकळे मिळे. पटकीचे तर नावच पुरेसे होते.

त्या काळची अंग धुण्याची साधनेही निराळी होती. रिठा, शिकेकाई, डाळीचे पीठ, मुलतानी माती, आणि त्याआधी तेल. तीळ, जवस, मोहाच्या बिया, ज्या घरात जे निघेल ते तेल अंगाला लागे. वाग्भटाने दिनचर्येत अभ्यंगाला स्थान दिले आणि घरोघरच्या आज्यांनी बाळंतिणीच्या खोलीत ती परंपरा चालविली. या पद्धतीत एक गोष्ट आपोआप साधत असे. रिठ्यातील फेस देणारे द्रव्य साबणाच्या जातीचे नव्हे, पाण्यातील चुन्याशी त्याचा दही होत नाही. त्यामुळे पाणी जड असो की हलके, कातडीवर चिकट थर बसत नसे आणि आधी लावलेले तेल थोडेफार अंगावर उरत असे.

मग साबण आला. १८८८ साली इंग्लंडातील लीव्हर कंपनीचा ‘सनलाइट’ कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने चंदनी साबणाचा कारखाना काढला. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली वनस्पतितेलाचा साबण बाजारात आणला. शहरांची सोय आधीच झाली होती. मुंबईला १८६० पासून विहार तलावाचे पाणी मिळत होते आणि पावसाच्या त्या पाण्यात साबणाला भरपूर फेस येई. खेड्यापाड्यांतील विहिरींवर मात्र तोच साबण निराळा वागू लागला.

याचे कारण युरोपात अगोदरच उमगले होते. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ साली पाण्यात चुन्याची निवळी घालून ते मऊ करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पाण्याचा जडपणा मोजायला त्यांनी साबणाचेच माप योजले. फेस टिकायला जितका साबण जास्त लागेल, तितके पाणी जड. आपल्या शालेय पुस्तकांनी अशा पाण्याला ‘दुष्फेन’ हे अर्थपूर्ण नाव दिले. दुष्फेन पाण्यात साबणाचा बराच अंश चुन्याशी मिळून पांढरा साका होतो. तो बादलीच्या कडेला दिसतो, पण कातडीवर दिसत नाही. तेथे तो नुसता जाणवतो: अंग ताणल्यासारखे होते, खाज सुटते, नखाने पांढरी रेघ उमटते, टाचा उलतात.

खेड्यांच्या पाण्यातला सर्वांत मोठा बदल साबणाने नव्हे, कूपनलिकेने घडविला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे हातपंप परदेशात एकेका कुटुंबासाठी घडविलेले. सारे गाव त्यांवर लोटले की ते मोडत. जालन्याच्या मिशनने विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत पोलादी दांड्याचा भक्कम पंप तयार केला. सोलापूरच्या कार्यशाळेत त्याला सुधारलेले रूप मिळाले. त्याच सोलापुरी पंपावरून १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप सिद्ध झाला आणि देशभर पसरला. वैनगंगेचे खोरेही त्याला अपवाद राहिले नाही.

या पंपाने असंख्य मुले वाचविली, हे निर्विवाद आहे. पण खोल खडकातील पाणी वर्षानुवर्षे दगडाच्या सहवासात राहिलेले असते. खडक जसा, तसे त्याचे क्षार. बालाघाटच्या भूगर्भात मँगनीजच्या खाणींबरोबर संगमरवरी चुनखडीचेही पट्टे आहेत. म्हणून या भागात एका पंपाचे पाणी गोडे, तर दुसऱ्याच्या पाण्याने हंड्याला पांढरे पुट, हा अनुभव नवलाचा नाही. जंतू गेले आणि क्षार आले. मरण टळले आणि खाज उरली. अशा खाजेची तक्रार करणाऱ्या सुनेला ‘पूर्वी असले चोचले नव्हते’ असे ऐकावे लागते. खरे म्हणजे पूर्वी ते पाणीच नव्हते.

विज्ञानाने ही तक्रार थट्टेवारी नेलेली नाही. १९९८ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या पाहणीत सर्वांत जड पाण्याच्या भागातील प्राथमिक शाळेच्या मुलांत इसबाचे प्रमाण सुमारे १७ टक्के, तर सर्वांत हलक्या पाण्याच्या भागात १२ टक्के आढळले. पुढील प्रयोगांत असेही दिसले की, जड पाण्याने धुतल्यास साबणी द्रव्याचा अधिक अंश कातडीवर राहतो व तोच दाह करतो. परंतु इसब झालेल्या ३३६ मुलांच्या घरी पाणी मऊ करणारी यंत्रे बसवून तपासले, तेव्हा त्यांचे इसब इतरांहून अधिक बरे झाले नाही, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सगळा दोष पाण्यावर टाकून चालत नाही. हिवाळ्याची कोरडी हवा, कढत पाणी, साबणाचा तीव्र अल्कलीपणा आणि जन्मजात नाजूक कातडी हेही वाटेकरी आहेत.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा झराच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. हे माप पिण्याचे आहे, न्हाण्याचे नव्हे, आणि कूपनलिका बुजवून तळ्याकडे परतण्याची शिफारस तर त्यात मुळीच नाही. उपाय साधे आहेत. पाणी कोमट घ्यावे, साबण थोडा लावावा व भरपूर पाण्याने काढावा, अंग ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवावा. पाणी उकळल्याने काही चुना तळाशी बसतो, पण सगळा नव्हे. तुरटी गढूळपणा काढते, जडपणा नाही. पावसाळ्यात पागोळीचे स्वच्छ पाणी धरले तर न्हाण्याला त्यासारखे मऊ पाणी नाही. खाज रात्रीची वाढत असेल, घरातील अनेकांना असेल, किंवा कातडी चिघळली असेल, तर ती खरूज वा अन्य रोग असू शकतो. तेथे तेलावर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

लालबर्र्याच्या पाण्याचा हा प्रवास तळ्याकडून पंपाकडे आणि आता पंपाकडून नळाकडे चालला आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने दरडोई रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचा संकल्प केला. पाणी पोचले की नाही, हा त्यातला पहिला प्रश्न. पोचलेले पाणी कसे आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरकारी नोंदवहीत मिळेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र पाणी तपासणाऱ्याने घरातल्या बाईलाही विचारावे, कारण त्या पाण्यात दिवसभर हात बुडालेले असतात ते तिचेच.