जुन्या जीपच्या मागील ब्रेकचे निदान

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपचे मागील ब्रेक कमकुवत होणे हा सावकाश वाढणारा आणि चालकाच्या सहज लक्षात न येणारा दोष आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः विलीज जीप व तिच्या परंपरेतील सीजे-३बी या नमुन्याचा विचार केला आहे. मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बीचे उत्पादन कित्येक दशके केले.

रचना

या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांवाटे प्रत्येक व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. मागच्या बाजूला चासीपासून हौजिंगपर्यंत एकच रबरी होज पाईप असून तेथून दोन चाकांकडे धातूच्या नळ्या जातात. त्यामुळे एकच मागील चाक कमकुवत असेल, तर दोष प्रथम त्या चाकाच्या ड्रममध्ये शोधावा. दोन्ही सारखीच कमकुवत असतील, तर सामाईक होज पाईप तुंबलेला असतो किंवा दोन्हीकडचे लायनर झिजून शू व ड्रममधील अंतर वाढलेले असते. जुना होज बाहेरून धड दिसत असूनही आतून फुगून बंद झालेला असू शकतो.

दोष झाकला जाण्याची कारणे

ब्रेक लावताना वाहनाचे वजन पुढच्या चाकांवर सरकते. सीजे-३बीच्या दोन आसांमधील अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंमी आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंमी उंचीवर मानला आणि गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने वेग कमी केला, तर एकूण वजनाचा सुमारे १६ टक्के भार मागून पुढे जातो. रिकामी जीप त्यामुळे बहुतांशी पुढच्या ब्रेकवर थांबते. मागे माणसे किंवा पोती भरल्यावर मात्र मागच्या चाकांवरचा भार वाढतो, पुढचे ब्रेक अपुरे पडतात आणि उतारावर दोष एकदम उघड होतो.

दुसरे कारण हँडब्रेक. अनेकांचा समज असतो की हँडब्रेक घट्ट लागतो म्हणजे मागचे ब्रेक चांगले आहेत. विलीज व सीजे-३बीमध्ये हँडब्रेक मागील चाकांच्या ड्रमवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो मागच्या ब्रेकबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय एक मागील चाक जॅकवर उचलले, तर डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलट फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून काम करण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावणे आवश्यक आहे.

तिसरे कारण फोर-व्हील गिअर. तो टाकलेला असताना पुढचे व मागचे शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे पुढच्या ब्रेकचा रोध मागच्या चाकांपर्यंतही पोहोचतो. चाचणी म्हणून नेहमी टू-व्हील गिअरमध्येच घ्यावी.

पेडलवरून अंदाज

पेडल खोल जाते, पण दोन-तीनदा मारल्यावर वर येते, तेव्हा शू आणि ड्रममधील अंतर वाढलेले असते. या जीपमध्ये ते आपोआप जुळत नाही, मागच्या पाटीवरील बोल्ट फिरवून जुळवावे लागते. पेडल स्पंजासारखे लागल्यास नळ्यांत हवा असते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर आतून गळत असतो किंवा बाहेर कुठेतरी ऑइल पाझरत असते. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर लायनर गुळगुळीत किंवा तेलकट झालेले असतात, व्हील सिलिंडर जाम असतो किंवा होज बंद असतो. ज्या गाड्यांना व्हॅक्यूम सर्व्हो आहे, त्यांतील सर्व्होच्या बिघाडाचा परिणाम चारही चाकांवर होतो. केवळ मागच्या दुर्बलतेचा दोष त्याला देता येत नाही.

चाकांची तपासणी

मोकळ्या रस्त्यावर काही वेळा ब्रेक लावून थांबावे आणि ड्रमजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. मागचे ड्रम पुढच्यांपेक्षा थोडे थंड असणे स्वाभाविक आहे. डाव्या-उजव्यातील फरक अधिक बोलका असतो. थंड ड्रम उघडल्यावर ओलावा कशाचा आहे हे आधी ठरवावे. ब्रेक ऑइल असल्यास व्हील सिलिंडर गळतो. दाट, उग्र वासाचे गिअर ऑइल असल्यास आसाचे ऑइल सील गेलेले असते, आणि तेव्हा हौजिंगचा श्वासनळ तुंबला आहे का हेही पाहावे, अन्यथा आत वाढणारा दाब नवे सीलही निकामी करतो. तेल प्यायलेले लायनर धुऊन परत बसवण्याची पद्धत गॅरेजांत आढळते. ती धोकादायक आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या परिसरात आढळणारी काळी माती पावसाळ्यात चिकट चिखल बनते. अशा चिखलातून वा ओढ्यातून गेलेल्या जीपच्या ड्रममध्ये गाळ साचतो. पाण्याने मंदावलेला ब्रेक चालताना हलके दाबत राहिल्यास सुकून पूर्ववत होतो. तसे न झाल्यास ड्रम उघडावा.

नंतरच्या काळातील गाड्या

पुढील काळातील काही वाहनांत मागच्या भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी आसाला जोडलेली असते. माल वाहण्यासाठी कमानीत जादा पाटा घातला, की गाडी भरलेली असूनही मागे दबत नाही. व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागच्या चाकांना कमी दाब देतो. ब्रेकचे सर्व भाग नवे असूनही दोष राहत असेल, तर ही दांडी जाम झाली आहे का आणि पाट्यांत बदल केला आहे का, हे तपासले जाते.