कुष्ठरोगातील प्रतिक्रिया आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वऱ्हाडात मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा बहुतांशी खारपाणपट्ट्याच्या अनुषंगाने होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील क्षारयुक्त भूजल हा तेथील जनतेच्या नित्य चिंतेचा विषय आहे. तथापि मूत्रपिंडाच्या हानीचा एक वेगळा मार्ग याच प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाशी निगडित आहे. कुष्ठरोगात रुग्णाची रोगप्रतिकार संस्थाच त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करू शकते. या प्रक्रियेचे ज्ञान कसे विकसित झाले आणि कुष्ठसेवेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वऱ्हाडातील कुष्ठसेवा

डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावती येथे तपोवनाची स्थापना केली. पुढे ही संस्था विदर्भ महारोगी सेवा मंडळ या नावाने ओळखली गेली. जिल्ह्यात परतवाड्याजवळील कोठारा येथील रुग्णालयानेही कुष्ठरुग्णांवर उपचारांचे कार्य केले. तपोवनाच्या स्थापनेच्या काळात सल्फोन औषधांचे युग नुकतेच सुरू झाले होते. १९४१ पासून अमेरिकेतील कारव्हिल येथे प्रोमिनचा वापर होत होता, तर डॅप्सोनचा प्रसार त्या दशकाच्या अखेरीस झाला. साहजिकच निवारा, श्रम व आत्मसन्मान हेच त्या काळी सेवेचे प्रमुख आधार होते. जखमा, बधिरता व सामाजिक बहिष्कार यांकडे लक्ष गेले, कारण ती दुःखे डोळ्यांना दिसणारी होती. मूत्रपिंडाची हानी मात्र दिसत नाही.

प्रतिक्रियेचा उलगडा

हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जीवाणू शोधला. त्यामुळे रोगाचे कारण कळले. परंतु काही रुग्णांना उपचार सुरू असताना अचानक ताप येऊन अंगावर लालसर, दुखऱ्या गाठी का उठतात, हे कळले नाही. जपानमधील मुराता यांनी १९१२ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. १९३७ मध्ये मित्सुदा व ओगावा यांनी १५० कुष्ठरुग्णांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांमधून कुष्ठरुग्णांमधील मूत्रपिंडविकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले.

या घटनांची संगती लावण्यास रोगप्रतिकारशास्त्राचा आधार मिळाला. आर्थस यांनी १९०३ मध्ये सशांना घोड्याचे रक्तजल वारंवार टोचून दाखविले की, मूळात निरुपद्रवी असलेला पदार्थही पूर्वी तयार झालेल्या प्रतिकारामुळे ऊतींचा नाश घडवू शकतो. कुष्ठरोगातील या गाठी म्हणजे आर्थस यांनी दाखविलेल्या प्रक्रियेचेच रूप होय, असे प्रतिपादन वेमांबू, टर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये केले. मृत जीवाणूंमधून बाहेर पडणारे प्रतिजन आणि शरीरातील प्रतिपिंडे यांची संयुगे बनतात, ती सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतीत अडकतात, पूरक प्रथिने सक्रिय होतात आणि तेथे जमलेल्या श्वेतपेशी भिंतीलाच इजा करतात. पुढील संशोधनाने टी-पेशी व दाह वाढविणाऱ्या प्रथिनांचाही यातील सहभाग दाखवून दिला.

मूत्रपिंडावरील परिणाम

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख केशिकागुच्छ असतात आणि रक्त गाळण्याचे कार्य तेथेच चालते. त्यामुळे रक्तातून फिरणारी संयुगे तेथे साठण्याचा धोका असतो. काही कुष्ठरुग्णांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीत असे साठे आढळले आहेत. केशिकागुच्छांना सूज आली की लघवीत प्रथिने व रक्तपेशी उतरतात. दीर्घकाळ वारंवार होणाऱ्या दाहामुळे अमायलॉइड हे प्रथिन साठूनही मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

१९६५ मध्ये शेस्किन यांनी जेरुसलेम येथे थॅलिडोमाइडचा या प्रतिक्रियेवरील परिणाम नोंदविला. गर्भावरील भीषण दुष्परिणामांमुळे १९६१ मध्ये बाजारातून मागे घेतलेले हे औषध अशा रीतीने कडक निर्बंधांसह पुन्हा वापरात आले. जीवाणू न मारताही रुग्णास आराम पडतो, ही बाब जीवाणू व प्रतिक्रिया यांतील भेद स्पष्ट करणारी ठरली.

निष्कर्ष

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु ही गणना औषधे घेत असलेल्या रुग्णांची असते. औषधांचा क्रम पूर्ण झाला की रुग्णाचे नाव नोंदीतून कमी होते. प्रतिक्रिया मात्र त्यानंतरही, कधी काही वर्षांनी, उद्भवू शकते. म्हणजे जीवाणू संपल्याने रोग्याचा धोका संपतोच असे नाही. लघवीतील प्रथिने ही मूत्रपिंडविकाराची खूण असल्याचे रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्येच दाखविले होते. ही साधी व अल्पखर्चिक तपासणी प्रतिक्रिया येऊन गेलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्याचा नियमित भाग होणे अगत्याचे आहे. ज्या प्रदेशाने कुष्ठरुग्णास निवारा व सन्मान दिला, त्या प्रदेशात औषधोपचार पूर्ण झालेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडाची काळजी घेणे, हा त्याच सेवापरंपरेचा पुढील टप्पा ठरेल.