आवाज आणि कुलूप: ऑफिसच्या फोनमागची ८० वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

आजचा विषय वरवर बघता अगदी कोरडा आहे: ऑफिसचा फोन. डेस्कवरचा तो काळा आयपी फोन आणि त्याच्या मागे सर्व्हरवर चालणारी पीबीएक्स. कामाचा भाग म्हणून मी अशा सिस्टीम सेट करतो. त्यांच्या सेटिंगमध्ये दोन वेगळी पानं असतात. एक कोडेकचं, म्हणजे आवाजाचे आकडे कसे करायचे ते ठरवायचं. दुसरं सिक्युरिटीचं, म्हणजे ते आकडे बाकीच्यांपासून कसे लपवायचे ते. पानं दोन, म्हणून आपल्याला वाटतं विषयही दोन. पण इतिहासात हे दोघं एकाच घरात वाढलेत.

चला दुसऱ्या महायुद्धात. वॉशिंग्टनहून लंडनला फोन लावायचा तर आवाज रेडिओवरून जायचा. रेडिओ म्हणजे कोणीही ऐकावा. म्हणून ए-३ नावाचं स्क्रॅम्बलर होतं. ते आवाजाच्या फ्रीक्वेन्सीचे पाच तुकडे करायचं, त्यांची अदलाबदल करायचं, काही उलटे करायचं. ऐकणाऱ्याला नुसती कुलकुल. रूझवेल्ट आणि चर्चिल यावर बोलत होते. लोचा असा, की तुकडे कितीही फिरवले तरी आत मूळ आवाज असतोच. जर्मन टपाल खात्याच्या इंजिनिअरांनी हॉलंडमध्ये स्टेशन उभारलं आणि १९४२ पासून ते हे कॉल सरळ करून ऐकू लागले.

मग खरं गुपित ठेवायचं कसं? आकड्यांनी. संदेशाच्या प्रत्येक आकड्यात एक पूर्णपणे रँडम आकडा मिसळला आणि तो परत कधीच वापरला नाही, तर चोराच्या हाती काहीच लागत नाही. पण त्यासाठी आवाजाचे आधी आकडे व्हायला हवेत. ती कल्पना तयार होती. अ‍ॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश इंजिनिअरने पॅरिसमध्ये काम करताना १९३८ मध्ये पीसीएमचं पेटंट दाखल केलं होतं. आवाजाची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि आकडे पाठवायचे. अडचण एवढीच, की इतके आकडे पाठवण्याची त्या काळच्या रेडिओची ताकद नव्हती.

इथे बेल लॅब्जचे होमर डडली आले. त्यांचा व्होकोडर आवाज पाठवतच नव्हता, आवाजाचं वर्णन पाठवायचा. दहा फ्रीक्वेन्सी पट्ट्यांत प्रत्येकी किती जोर आहे, स्वर किती उंच आहे, एवढंच. पलीकडचं यंत्र त्या वर्णनावरून बोलणं नव्याने घडवायचं. आजच्या मोबाइल कोडेकचं हे थेट पूर्वज.

या सगळ्यातून सिगसॅली नावाची यंत्रणा उभी राहिली. १५ जुलै १९४३ रोजी पेंटागॉन आणि लंडनमध्ये ती सुरू झाली. एका टर्मिनलला ४० रॅक, वजन सुमारे ५५ टन! लंडनचं टर्मिनल ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात होतं.

आतला हिशेब मात्र शाळकरी पोराला जमेल असा. प्रत्येक माप ० ते ५ यांपैकी एक आकडा. समजा आवाजाचा आकडा ४ आणि किल्लीचा ५. बेरीज ९. घड्याळात बारानंतर एक येतो, तसं इथे पाचनंतर शून्य. म्हणून ९ मधून ६ वजा, पाठवला ३. पलीकडे ३ मधून ५ वजा करून ६ मिळवले, की परत ४. मधल्या माणसाला नुसता ३ दिसतो.

आणि किल्ली कुठे ठेवलेली? ग्रामोफोनच्या रेकॉर्डवर! पाऱ्याच्या वाफेच्या व्हॅक्यूम ट्यूबमधला खरखराट मोजून रँडम आकडे घ्यायचे आणि ते तबकडीवर नोंदवायचे. एक प्रत इकडे, एक तिकडे. दोन्ही तबकड्या अगदी एका तालात फिरायला हव्यात. वापरून झाल्या की नष्ट. १९४३ च्या सुरुवातीला अ‍ॅलन ट्युरिंग बेल लॅब्जमध्ये होते, तेव्हा ब्रिटनच्या वतीने त्यांनी हे काम बघितलं. घरी परतून त्यांनी डिलायला नावाचं स्वतःचं छोटं व्हॉइस सिक्युरिटी यंत्र बनवलं.

म्हणजे बघा, गुपित राखायला आकडे हवे होते आणि आकडे कमी करायला कोडेक हवा होता. सिक्युरिटीच्या गरजेतून कोडेक कामाला लागला.

युद्ध संपलं आणि दोघांची ताटातूट झाली. सिगसॅली १९७६ पर्यंत गुप्तच राहिली. आकड्यांचा आवाज मात्र बाजारात आला. १९६२ मध्ये बेलची टी-१ लाइन तारांच्या दोन जोड्यांवरून २४ कॉल नेऊ लागली. १९७२ मध्ये जी.७११ हे प्रमाण ठरलं: सेकंदाला ८,००० मापं, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. त्याचे दोन प्रकार. अमेरिका-जपानमध्ये म्यू-लॉ, युरोप आणि भारतात ए-लॉ. म्हणून आपल्याकडे पीबीएक्स लावताना ए-लॉ वर ठेवतात.

जी.७११ ला कुलूप नव्हतं. का असेल? तार टेलिफोन खात्याची, एक्स्चेंज खात्याचं. तारेवरच विश्वास होता.

मग आवाज इंटरनेटच्या रस्त्यावर आला. १९९६ मध्ये आरटीपी प्रोटोकॉल ठरला, १९९९ मध्ये अ‍ॅस्टरिस्क आलं आणि साधा कॉम्प्युटर पीबीएक्स झाला. तार आता सगळ्यांची, पण आवाज तसाच उघडा. वायरशार्क या फुकट सॉफ्टवेअरमध्ये असे पॅकेट पकडले, की चक्क प्लेचं बटण मिळतं. ऑफिसमध्ये एचआर पगाराबद्दल बोलतंय, क्लिनिकमधून कोणाचा तरी रिपोर्ट सांगितला जातोय. दाबा आणि ऐका.

कुलूप २००४ मध्ये आलं: एसआरटीपी. गंमत म्हणजे युक्ती तीच. एईएस रँडमसारख्या दिसणाऱ्या आकड्यांची धार तयार करतं आणि ती आवाजात मिसळतं. ग्रामोफोनच्या जागी गणित. पण सिगसॅलीचे दोन जुने प्रश्न अजून जिवंत आहेत.

पहिला, किल्ली कशी पोचवायची? बऱ्याच पीबीएक्समध्ये एसडीईएस ही पद्धत असते. त्यात किल्ली कॉल जोडणाऱ्या एसआयपी मेसेजमधूनच जाते. एसआयपीवर टीएलएस लावलं नसेल, तर ती किल्लीही उघडीच जाते. कुलूप लावून चावी दारालाच लटकवायची. म्हणून एसआरटीपी आणि टीएलएस जोडीनेच चालू करायचं. आणि हे कुलूप तुमच्या पीबीएक्सपर्यंतच असतं. पुढच्या ट्रंकवर काय आहे, ते सर्व्हिस प्रोव्हायडरला वेगळं विचारावं लागतं.

दुसरा प्रश्न कोडेकचा. काही कोडेक बोलण्याप्रमाणे पॅकेट लहानमोठं करतात. 'स'ला कमी बिट, 'आ'ला जास्त. एसआरटीपी मजकूर लपवतं, लांबी लपवत नाही. २००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एन्क्रिप्ट केलेल्या कॉलच्या नुसत्या पॅकेट लांबीवरून २१ भाषांमधून बोलली जाणारी भाषा ओळखण्याचा प्रयोग केला. सुमारे ६६ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. पुढच्या वर्षी त्यांनी ठरावीक वाक्यंही ओळखून दाखवली. कुलूप न तोडता!

उपाय साधा आहे. जी.७११ चं पॅकेट कायम सारखंच असतं, कोणी ओरडो की कुजबुजो. त्यात गप्प बसल्यावर पॅकेट थांबवणारं सायलेन्स सप्रेशन तेवढं बंद ठेवायचं. ओपस वापरत असाल तर त्यात बिटरेट स्थिर ठेवायची सोय आहे. पण हे सेटिंग कुठे सापडतं? कोडेकच्या पानावर. सिक्युरिटीचं पान बघणारा माणूस तिकडे फिरकतच नाही.

म्हणून ऑफिसमध्ये आयटीवाल्या दादाला किंवा ताईला तीन गोष्टी विचारा. एसआरटीपी चालू आहे का? सोबत टीएलएस आहे का? कोडेकचा बिटरेट स्थिर आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ते थोडे चमकतील. तेव्हा त्यांना तळघरातल्या तबकड्यांची गोष्ट सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!