नाताळगीते, मराठी

ख्रिस्तजन्माच्या सणात गावयाची भक्तिपर गीते. यूरोपात अशा गीतांस ‘कॅरोल’ म्हणतात. फेर धरून नाचताना म्हणावयाच्या लोकगीतांस मध्ययुगीन फ्रान्समध्ये हे नाव होते; पुढे ते धार्मिक गीतांस मिळाले. मार्टिन ल्यूथरने १५३५ च्या सुमारास मुलांसाठी नाताळगीत रचले, तेही एका प्रचलित लोकगीताच्या वळणावर व त्याच्याच चालीवर. त्याची आजची चाल १५३९ मध्ये आली. लोकगीताच्या आधाराने भक्तिगीत रुजविण्याची हीच प्रक्रिया महाराष्ट्रात स्वतंत्रपणे घडून आली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ विलायती चालींवर बसविली. इंग्रजी पद्याची लय आघातावर, तर मराठी पद्याची अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर अवलंबून असते. त्यामुळे ऱ्हस्व अक्षरे ताणली जात व अर्थ झाकोळे. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींची पदे रचून व कीर्तनपद्धती स्वीकारून ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली.

या प्रवाहास काव्याची उंची दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराने आप्त दुरावले. पण ओवी, अभंग व कीर्तन यांचा वारसा त्यांनी सोडला नाही. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्तजन्मावरील त्यांच्या एका गीताचा घाट अंगाईचा आहे. बारशाला, रामनवमीला व गोकुळाष्टमीला स्त्रिया पाळणा म्हणतात. पाळण्यातील बालक देव आहे आणि तरीही त्याला जोजवावयाचे आहे, हा भाव मराठी श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला होता. बेथलेहेमचे बालक त्यामुळे परके वाटले नाही.

विदर्भातही या गीतांस अनुकूल भूमी होती. यवतमाळ जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्य आरंभिले, तर यवतमाळ येथे १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास गेली. या भागात भजनी मंडळांची परंपरा जुनी आहे. पेटी, तबला व टाळ यांच्या साथीने म्हणावयाचे भजन येथे निराळे शिकवावे लागत नाही.

‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांस मोठे स्थान आहे. अशी गीते तोंडपाठ होऊन गायिली जातात, तेव्हा कवीचे नाव पुष्कळदा मागे पडते. लोकगीतांकडून घेतलेले ऋण अशा रीतीने लोकांकडेच परत जाते. धर्म बदलला तरी मातृभाषेचे गाणे बदलण्याचे कारण नाही, ही टिळकांची भूमिका त्यामुळे प्रत्यक्षात उतरली. मराठी नाताळगीतांचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.