राजाराम महाविद्यालयातील एका प्राकृत अध्यापकाचे पहिले दशक

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात १९३० साली अर्धमागधीचे अध्यापक म्हणून आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते आणि एम. ए. ची परीक्षा त्यांनी त्याच साली दिलेली होती. १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांस डी. लिट्. ही पदवी दिली. या दोन सालांच्या दरम्यान ‘प्रवचनसार’ (१९३५), ‘परमात्मप्रकाश’ (१९३७) आणि ‘वरांगचरित’ (१९३८) या तीन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या त्यांच्या हातून सिद्ध झाल्या. उपाध्ये यांच्या उत्तरकालीन कीर्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु विद्यापीठापासून दूरच्या एका संस्थानी राजधानीत, नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाला एवढे काम करणे कशामुळे शक्य झाले, या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही. बुद्धिमत्ता व चिकाटी ही त्याची नेहमीची उत्तरे होत. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत.

त्या काळी महाविद्यालयीन अध्यापक या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षा बराच निराळा होता. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे मुळात परीक्षा घेणारे व पदव्या देणारे विद्यापीठ होय. १९१९ मध्ये तेथे समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि विद्यापीठाने स्वतः अध्यापन व संशोधन करावे ही कल्पना हळूहळू रुजू लागली. तथापि कोल्हापूर, सांगली येथील संलग्न महाविद्यालयांस तिचा प्रत्यक्ष स्पर्श फारसा झाला नाही. अभ्यासक्रम इतरत्र ठरावा, प्रश्नपत्रिका इतरत्र निघाव्यात आणि अध्यापकाने विद्यार्थ्यांची तयारी करून घ्यावी, अशी ती रचना होती. संशोधन करावे असे अध्यापकास कोणी सांगत नसे. न केल्यास कोणी जाब विचारीत नसे. केल्यास त्यासाठी वेळ, ग्रंथ वा पैसा पुरविण्याची जबाबदारीही कोणावर नसे. आजच्या तरुण अध्यापकास शोधनिबंधांची मोजदाद जाचते. त्या अध्यापकास मोजदादीचा जाच नव्हता, पण त्याच्या कामाची दखल घेणारी यंत्रणाही नव्हती.

त्यातच अर्धमागधी हा ऐच्छिक विषय. अभिजात भाषा म्हणून बहुतेक विद्यार्थी संस्कृतकडे वळत. काही फारसी घेत. अर्धमागधीचा वर्ग भरावयाचा तो मुख्यतः दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बळावर. कोल्हापूर, सांगली व बेळगाव या टापूत शेतकरी जैन समाजाची वस्ती मोठी आहे, आणि शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १९०१ साली कोल्हापुरात दिगंबर जैन वसतिगृह निघाल्यापासून या समाजातील मुले शिक्षणासाठी शहरात येऊ लागली होती. ज्या विषयाचा आधार विद्यार्थ्यांच्या निवडीवर अवलंबून असतो, त्याच्या अध्यापकास आपले आसन कायमचे आहे असे मानून चालत नाही. अशा स्थितीत ग्रंथ प्रसिद्ध करणे हे विषयाची प्रतिष्ठा टिकविण्याचेही एक साधन ठरते.

राजाराम महाविद्यालयातील वातावरण मात्र उदासीन नव्हते. प्राचार्य डॉ. बालकृष्ण हे स्वतः इतिहाससंशोधक होते; त्यांच्या इंग्रजी शिवचरित्राचे खंड १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदनगार कोल्हापूर संस्थान व उत्तर कर्नाटक यांतील शिलालेख मिळवीत होते. तत्त्वज्ञान शिकविणारे ना. सी. फडके कादंबरीकार म्हणून महाराष्ट्रभर गाजत होते. आणि १९२८ पासून फारसीच्या जागेवर माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, होते.

पटवर्धनांचे उदाहरण येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ते इंग्रजीचे एम. ए.; वेतन फारसी शिकविण्याचे; आणि विद्येचे खरे क्षेत्र मराठी छंदःशास्त्र. त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ मध्ये, म्हणजे कोल्हापूरला येण्यापूर्वीच, प्रसिद्ध झाला होता. ‘छंदोरचना’ या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती कोल्हापुरात तयार झाली आणि तिच्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांस डी. लिट्. दिली, मराठी विषयासाठी त्या विद्यापीठाने दिलेली ही पहिली डी. लिट्. होय. ज्याने फारसी शिकवून चरितार्थ चालविला त्यानेच त्या वर्षी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठीतील फारसी शब्दांची झाडाझडती घ्यावी, हा योग भाषेच्या अभ्यासकास मौजेचा वाटल्यावाचून राहणार नाही. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पटवर्धनांच्या बाबतीत वर्गातला विषय व संशोधनाचा विषय यांची फारकत झाली होती. उपाध्ये यांच्या बाबतीत ती झाली नाही, आणि याचे कारण कोल्हापूरच्या पेठांत शोधावे लागते.

उपाध्ये यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सदलगे येथे झाला. घरची भाषा कन्नड, परिसर मराठीशी जोडलेला, बी. ए. पर्यंतचा अर्धमागधी-संस्कृतचा अभ्यास सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात, जेथे त्या काळी प. ल. वैद्य यांच्यासारखे प्राकृताचे पंडित शिकवीत असत, एम. ए. ची तयारी पुण्यास, भांडारकर संस्थेच्या सान्निध्यात. पुण्याहून कोल्हापुरास येणे म्हणजे मोठ्या ग्रंथालयापासून दूर जाणे होते. जर्मन नियतकालिके, कोश, छापील सूची हे सारे तेथेच राहिले. परंतु कोल्हापुरात शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ होता, आणि त्या मठात ताडपत्रे होती.

ही ताडपत्रे जुन्या कन्नड लिपीत लिहिलेली. उत्तर हिंदुस्थानातील पंडितांस दिगंबर ग्रंथांची परंपरा ठाऊक होती, पण लिपी येत नव्हती. मठातील मंडळींस पोथ्यांविषयी श्रद्धा होती, पण पाठचिकित्सेची पद्धत त्यांच्या परिचयाची नव्हती. पुण्या-मुंबईच्या विद्वानांस पद्धत येत होती, पण पोथ्या त्यांच्या हाताशी नव्हत्या. लिपी, श्रद्धावंतांचा विश्वास आणि पद्धत या तिन्ही गोष्टी एका माणसाजवळ होत्या, आणि तो माणूस मठापासून पायी जाण्याच्या अंतरावर नोकरीस होता.

लिपीचे ज्ञान म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे. दाक्षिणात्य लिपींतील प्राकृत पोथ्यांत जोडाक्षरातील द्वित्त दाखविण्यासाठी व्यंजनाच्या आधी बिंदू देण्याचा प्रघात आढळतो; अनुस्वारासाठीही बिंदूच. त्यामुळे एकच लेखन ‘वंक’ असे वाचावे की ‘वक्क’ असे, हा प्रश्न पडतो. पहिल्याचा अर्थ ‘वाकडा’, संस्कृत ‘वक्र’ शब्दापासून आलेला. दुसऱ्याचा अर्थ ‘वाक्य’. लिपीचा संकेत ज्यास ठाऊक नाही तो नकलनवीस येथे हमखास फसतो, आणि त्याने देवनागरीत उतरविलेली प्रत पुढच्या संपादकास फसवते. ज्याने मूळ ताडपत्र हाती धरले आहे, तोच अशा ठिकाणी निर्णय देऊ शकतो.

‘वरांगचरित’ हे या परिस्थितीचे उत्तम फलित होय. हे एकतीस सर्गांचे संस्कृत काव्य. जिनसेनाच्या शके ७०५ मधील ‘हरिवंशपुराणा’त त्याची प्रशंसा आहे, परंतु ती रविषेणाच्या उल्लेखाला लागून आल्याने ‘वरांगचरित’ हेही रविषेणाचेच, असा समज अभ्यासकांत पसरला होता. काव्य स्वतः उपलब्ध नव्हते, म्हणून समज तपासण्यास मार्ग नव्हता. उपाध्ये यांस कोल्हापूरच्या लक्ष्मीसेन मठातील ताडपत्रांत ते सापडले. पोथी मिळाली तरी कवीचा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर त्यांनी तीन दिशांनी बांधीत आणले: उद्द्योतनसूरीच्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथेतील उल्लेख, पंपादी कन्नड कवींनी जटाचार्याला केलेले वंदन, आणि कोप्पळ येथील टेकडीवर जटासिंहनंदी आचार्यांच्या पादुकांजवळ कोरलेला जुना कन्नड लेख. संस्कृत काव्याचा कर्ता प्राकृत व कन्नड साक्षींनी निश्चित झाला. यावरचा त्यांचा निबंध भांडारकर संस्थेच्या वार्षिकात आधी आला आणि संपूर्ण आवृत्ती १९३८ मध्ये मुंबईच्या माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेत निघाली.

तरुण अध्यापकाने ग्रंथसंपादन हाच प्रकार का निवडला असावा, याचाही उलगडा यातून होतो. सिद्धांतप्रधान प्रबंधास सलग अवकाश व विस्तृत ग्रंथालय लागते. पाठांची तुलना ही तासांच्या मधल्या वेळेत, सुट्टीत, रात्री, तुकड्यातुकड्यांनी होऊ शकते. दहा गाथा आज, दहा उद्या. जे ग्रंथ जवळ नाहीत त्यांच्यासाठी पत्रे लिहावी लागतात, उत्तर येईपर्यंत पुढच्या गाथा घेता येतात. विद्येचा प्रकार आणि उपजीविकेचा प्रकार यांचा असा मेळ नेहमी जाणूनबुजून घातला जातो असे नाही, पण तो पडला की काम पुढे सरकते.

मात्र प्रस्तावना तुकड्यांनी लिहिता येत नाही. १९३५ च्या ‘प्रवचनसारा’ची खरी कसोटी तेथे आहे. कुंदकुंदाचार्यांच्या या ग्रंथाच्या गाथा अमृतचंद्राच्या टीकेप्रमाणे २७५ आणि जयसेनाच्या टीकेप्रमाणे ३११. वाढीव गाथा मूळच्या की मागाहून शिरलेल्या, हा निर्णय ग्रंथाच्या आशयास आणि त्याच्या भाषेस एकाच वेळी स्पर्श करतो. ही भाषा व्याकरणकारांची नाटकी शौरसेनी नव्हे, अर्धमागधीही नव्हे. जर्मन पंडित पिशेल यांनी तिला ‘जैन शौरसेनी’ असे नाव दिले होते, पण त्यांच्यापुढे या भाषेतील साहित्य फार थोडे होते. उपाध्ये यांनी संपूर्ण ग्रंथातील वर्णविकार व रूपे तपासून त्या नावाखाली नेमके काय येते हे दाखविले. इंग्रजीतील ही विस्तृत प्रस्तावना लिहिणाऱ्याचे वय तेव्हा एकोणतीस होते.

‘परमात्मप्रकाशा’कडे ते याहूनही आधी वळले होते. जोइंदु या अपभ्रंश कवीवरील त्यांचा निबंध भांडारकर संस्थेच्या वार्षिकाच्या बाराव्या खंडात आहे. म्हणजे नोकरीच्या अगदी आरंभीचा तो होय. हेमचंद्राने आपल्या व्याकरणात उदाहरणादाखल दिलेल्या अपभ्रंश दोह्यांपैकी काहींचा मूलस्रोत जोइंदूच्या काव्यात सापडतो, आणि मराठीसह सर्व आर्य देशभाषांच्या पूर्वेतिहासाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. या आवृत्तीतही कन्नड लिपीतील पोथ्या व कन्नड टीका यांचा त्यांनी भरपूर उपयोग केला.

हा कोल्हापूरचाच अपवाद मानण्याचे कारण नाही. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे हिरालाल जैन यांनी याच सुमारास जवळच्या कारंजा येथील जैन भांडारांतील पोथ्यांवरून ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’ व ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश ग्रंथ संपादिले. जेथे भांडार तेथे अध्यापक, हा योगायोग दोन ठिकाणी घडला. पुढे हे दोघे एकत्र आले आणि ‘तिलोयपण्णत्ती’चे दोन भाग (१९४३, १९५१) सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून त्यांच्या संयुक्त संपादनाने निघाले. विद्यापीठाने जे सहकार्य घडवावे ते दोन आडगावच्या महाविद्यालयांनी टपालाने घडविले.

या व्यवस्थेची किंमतही नोंदविली पाहिजे. पोथी, ग्रंथमाला व संपादक यांच्या बळावर ग्रंथ तयार होतात. शिष्यपरंपरा तयार होत नाही. बी. ए. च्या परीक्षेसाठी नेमलेली पुस्तके शिकवीत असता, जुनी कन्नड लिपी वाचून पाठनिर्णय करणारा विद्यार्थी घडविण्यास वेळापत्रकात जागा नव्हती. १९३९ नंतर मुंबई विद्यापीठाचे स्प्रिंगर संशोधक म्हणून उपाध्ये यांस काही वर्षे साह्य मिळाले आणि हरिषेणाचा ‘बृहत्कथाकोश’ (१९४३) हे त्याचे फळ होय. पण तेही साह्य व्यक्तीला होते, विषयाला नव्हे. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले, पुणे विद्यापीठ निघाले, महाविद्यालयाचे संलग्नत्व बदलले. प्राकृताच्या अध्यापकाच्या स्थितीत त्यामुळे मूलतः फरक पडला नाही.

१९५९ मध्ये ‘कुवलयमाले’चा मूळ पाठ त्यांनी प्रसिद्ध केला. इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण झालेल्या या कथेत निरनिराळ्या देशींच्या व्यापाऱ्यांची बोली टिपताना मरहट्ट्यांचेही वर्णन आले आहे, म्हणून मराठीच्या प्रत्येक इतिहासकाराला तिचा हवाला द्यावा लागतो. ज्या कथेतील एका उल्लेखाने पूर्वी ‘वरांगचरिता’चा कर्ता ठरविण्यास मदत केली होती, तीच जैसलमेर व पुणे येथील दोन हस्तलिखितांवरून त्यांनी आता साकल्याने उभी केली. तिचा दुसरा भाग, प्रस्तावना व टिपांसह, १९७० मध्ये आला.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात झाली. उपाध्ये राजाराम महाविद्यालयातून निवृत्त झाले ते त्याच साली. नव्या विद्यापीठात ते कलाशाखेचे अधिष्ठाता होते. जैनविद्या व प्राकृत यांचे स्वतंत्र अध्यासन मात्र त्यांस १९७१ मध्ये म्हैसूर विद्यापीठात मिळाले. त्या वेळी ते पासष्ट वर्षांचे होते, आणि ८ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.