शिवायचं राहिलेलं कापड

मराठी घरातल्या कपाटाचा वरचा कप्पा उघडला की न शिवलेल्या कापडाचा एक गठ्ठा हमखास सापडतो. लग्नामुंजीत आलेले ब्लाऊज पीस, ओटीत पडलेले खण, कुणी भाऊबिजेला दिलेलं ड्रेस मटेरियल. सगळं ‘सवडीनं शिवू’ म्हणून ठेवलेलं. इंग्लंड-अमेरिकेत आणि जपानमध्ये असाच ढीग विमानांच्या, रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या प्लास्टिक किटांचा असतो. हौशी माणूस खोक्यामागून खोकं घेत जातो, जोडायला बसायचा मुहूर्त काही लागत नाही. दोन्हीकडे घरच्यांचा शेरा एकच: आळस, नाहीतर हाव. हा शेरा मारायला सोपा आहे, पण त्यातून काही उलगडत नाही. आळस आपल्या आज्यांच्या पिढीतही असणारच; तरी त्यांच्या ट्रंकेत न शिवलेल्या पॉलिस्टरचे थर नव्हते. मग कारण स्वभावात शोधण्याऐवजी वस्तू बनते कशी, यात शोधावं. तसा माग काढला तर मराठी कपाटातला गठ्ठा बऱ्याचदा सुरतेला जाऊन पोहोचतो, आणि सुरतेतही लिंबायतसारख्या कष्टकरी वस्तीत.

लिंबायत हा सुरतच्या आग्नेयेचा भाग. महापालिकेच्या दक्षिण-पूर्व झोनला लोक लिंबायत झोन म्हणूनच ओळखतात. एका बाजूला उधना, दुसऱ्या बाजूला डिंडोली नि गोडादरा, आणि फार लांब नाही अशा अंतरावर रिंग रोडची कापड मार्केटं. इथली मराठी वस्ती प्रामुख्यानं खानदेशातली. 1900 च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेनं सुरत अमळनेरशी जोडली, पुढे ही वाट जळगाव-भुसावळपर्यंत गेली, आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या माणसाला मुंबईपेक्षा सुरत जवळची झाली. खानदेशातही कापड गिरण्या होत्या, जळगावला खानदेश मिल, अमळनेरला प्रताप मिल. त्या थकत गेल्या, कोरडवाहू शेतीनं दगा दिला, आणि सुरतेत यंत्रमाग, डाईंग-प्रिंटिंगच्या मिली नि मार्केटमधलं पॅकिंग-पार्सलचं काम वाढत गेलं. आज लिंबायतच्या गल्लीत अहिराणी ऐकू येते, श्रावणात कानबाई बसते. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लिंबायत विधानसभेला स्वतंत्र झाला, तेव्हापासून, म्हणजे 2012 पासून, तिथून संगीता पाटील निवडून येत आल्या आहेत. मराठी बाईच्या ओटीत पडणारा पीस जिथे तयार होतो, तिथे तो तयार करणाऱ्या हातांतही पुष्कळ हात मराठी आहेत.

हे कापड येण्यापूर्वी ओटीत काय पडायचं? खण. आजच्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे खणाचं माहेर. तिथे हातमागावर विणलेला खण शतकाहून अधिक काळ महाराष्ट्राच्या बाजारात येत राहिला. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. मागावरून उतरतानाच कापडाचा पन्हा नि काठ चोळीच्या हिशेबानं बेतलेले. एका खणात एक चोळी, आणि बेतताना काठ बरोबर बाहीच्या कडेवर येणार. म्हणजे विणकराच्या डोळ्यांसमोर शिवलेली चोळी आधीच उभी असे. ती चोळीही घरची बाई नाहीतर गावचा शिंपी बेतून देई, तिला अस्तर नाही, हूक नाहीत, पुढे गाठ मारली की झालं. कापड महाग, शिलाई किरकोळ. अशा हिशेबात खण ट्रंकेत कुजवत ठेवणं परवडणारं नव्हतं. सणावारासाठी एखादा जपून ठेवला जाई, पण त्याचा गठ्ठा होत नसे.

हा हिशेब उलटा झाला तो कृत्रिम धाग्यामुळे. सुरत हे जुनं जर-रेशमाचं गाव. विसाव्या शतकात तिथे आर्ट सिल्क आलं, मग नायलॉन, मग पॉलिस्टर. 1982 मध्ये रिलायन्सचा पाताळगंगेचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. 1985 च्या कापड धोरणानं सुती आणि कृत्रिम धाग्यांतला सरकारी दुजाभाव कमी करायचं ठरवलं. पुढच्या दशकात सुरतेच्या वेशीवरच हजिऱ्याला पेट्रोकेमिकलचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. यंत्रमागावरून ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाचे तागे निघायचे, सुरतेतल्याच पांडेसऱ्याच्या मिलींत रंगून-छापून रिंग रोडच्या मार्केटला यायचे आणि तिथून पार्सलं देशभर जायची. साडीचं माप 6.30 मीटरवर ठरून गेलं: साडेपाच मीटर साडी आणि शेवटचे 80 सेंटिमीटर ब्लाऊज पीस. हे शेवटचे 80 सेंटिमीटर महत्त्वाचे आहेत. साडी घडी मोडून लगेच नेसता येते. तिच्याच टोकाला जोडलेला हा तुकडा मात्र कापून, बेतून, शिवून घेतल्याशिवाय निरुपयोगी. प्रत्येक साडीबरोबर एक राहिलेलं कामही घरी येऊ लागलं.

ते काम किती, हे जवळून पाहिलं की गठ्ठ्याचं कोडं सुटतं. ब्लाऊज शिवायचा म्हणजे मापाचा जुना ब्लाऊज शोधायचा, रंगाला मिळतं अस्तर आणायचं, गळा पुढून किती नि मागून किती ते सांगायचं, टेलरच्या तारखा सांभाळायच्या, एक-दोन फेऱ्या मारायच्या, आणि शेवटी बगलेत घट्ट निघाला तर उसवून घ्यायचा. साध्या पीसच्या किमतीपेक्षा अस्तर-शिलाईचा खर्च कितीतरी जास्त. यावर कुणी म्हणेल की टेलरची मजुरी वाढली, एवढंच याचं कारण. ते पुरेसं नाही, आणि लिंबायतच त्याचा दाखला आहे. इथे घराघरांत बायका साडीला लेस लावतात, टिक्या-स्टोन चिकटवतात, धागे कापतात. ठेकेदार गठ्ठा टाकून जातो, तीच ती नक्षी एकामागून एक साड्यांवर उतरते आणि नगामागे मजुरी मिळते, तीही तुटपुंजी. हात इथे स्वस्तच आहेत. तरी ते स्वस्त हात ब्लाऊजचा प्रश्न सोडवत नाहीत, कारण लेस शंभर साड्यांना एकाच मापानं लागते आणि ब्लाऊज एकाच अंगाला बसायचा असतो. कारखाना, मार्केट आणि घरगुती जॉबवर्क मिळून वस्तू जितकी घाऊक करता येईल तितकी घाऊक करतात. जे घाऊक होऊच शकत नाही ते शेवटचं काम गिऱ्हाइकाच्या पदरात टाकतात. माल जितका स्वस्त होईल तितकं हे उरलेलं काम डोंगराएवढं वाटू लागतं. ढीग साठतो तो या दोहोंच्या मधल्या फटीत.

प्लास्टिक किटांचा इतिहास याच चालीनं जातो. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थानं 1939 मध्ये इंग्लंडात एअरफिक्स ही कंपनी काढली. 1952 मध्ये तिनं ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचं किट वूलवर्थच्या दुकानांतून साध्या पिशवीत घालून विकायला काढलं, आणि ते मुलांच्या खाऊच्या पैशांत येऊ लागलं. जपानमध्ये तामिया ही मूळची लाकडाच्या धंद्यातली कंपनी. तिचं पहिलं प्लास्टिक किट, ‘यामातो’ ही युद्धनौका, 1960 चं. लाकूड तासून विमान घडवण्याच्या जमान्यात सामान घेणारा माणूस बहुधा कामाला बसणाराच असे. साच्यात तापलेलं प्लास्टिक दाबून भाग काढायला लागल्यावर एक किट नि हजार किटं यांत कारखान्याला फारसा फरक राहिला नाही. घेणाऱ्याचे तास मात्र तेवढेच राहिले: चौकटीतून भाग कापायचे, कडा घासायच्या, सांधे लांबीनं भरायचे, रंगाचे हात द्यायचे, पाण्यात भिजवलेली चिन्हं चिकटवायची. खोकं घ्यायला पाच मिनिटं, जोडायला कित्येक आठवडे. तिथेही शेवटचं काम घाऊक होत नाही, आणि तिथेही ढीग आहेच.

यावर पहिला आक्षेप धर्मरूढीचा. न शिवलेलं वस्त्र देवीला आणि सवाष्णीला देणं ही चाल पॉलिस्टरपेक्षा फार जुनी. ओटीतला खण शिवण्यासाठी नसतोच, तो मान असतो, मग तो ‘राहिला’ असं का म्हणावं? रूढी जुनी, हे खरंच. पण रूढी जुनी असून ढीग नवा आहे, हेच तर पाहायचं आहे. जुना खण मानही होता आणि चोळीही. आता दुकानदार स्वतःच विचारतो, ‘नेसायची दाखवू की देण्याघेण्याची?’ देण्याघेण्याच्या साड्या आणि गठ्ठ्यानं मिळणारे पीस हा बाजारातला वेगळा कप्पा झाला आहे. घेणारी वापरणार नाही, देणारी तर नाहीच, आणि हे दोघींना ठाऊक असतं. पीस या घरातून त्या घरात फिरतो, आलेली घडी न मोडता पुढच्या हळदीकुंकवाला निघतो. रूढीनं ढीग तयार केला नाही. स्वस्त झालेल्या कापडाला जुन्या रूढीनं जागा करून दिली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. शेवटचं काम एवढं जड असेल तर तयार कपड्यानं न शिवलेल्याला केव्हाच संपवायला हवं होतं. कुर्त्यांच्या बाबतीत तयार मालानं ड्रेस मटेरियलची जागा पुष्कळ खाल्ली, हे मान्य. तरी न शिवलेला माल टिकला, कारण तो व्यापाऱ्याला नि गिऱ्हाइकाला दोघांनाही सोयीचा आहे. त्याला साइझ नसते. व्यापाऱ्याला एका रंगाचे पाच आकार साठवावे लागत नाहीत, पार्सलात तो पत्त्यांसारखा चपटा बसतो. देणाऱ्याला समोरचीचं माप माहीत असण्याची गरज नाही. आणि घेणाऱ्याला तो कापेपर्यंत कुठल्याही गळ्याचा, कुठल्याही बाहीचा असू शकतो. किटवाल्यांचं म्हणणं याला जोडूनच आहे: ते सांगतात की आम्ही पुढे ढकलत नाही, बाजारातून जाण्याआधी उचलून ठेवतो. यात तथ्य आहे. 1981 मध्ये एअरफिक्सची मालक कंपनी बुडाली तेव्हा उद्या हवं ते किट मिळेलच याचा भरवसा उरला नव्हता. पण ही कारणं मूळ हिशेब मोडत नाहीत, त्यावरच उभी राहतात. उचलून ठेवणं परवडतं ते वस्तू स्वस्त आहे म्हणून, आणि ठेवावी लागते ती काम बाकी आहे म्हणून.

तेव्हा कपाटातल्या गठ्ठ्यावरून बाईला आणि माळ्यावरच्या खोक्यांवरून हौशी माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. दोघांनीही बाजारानं देऊ केलेला स्वस्त अर्धा भाग घेतला, महाग अर्धा त्यांच्याकडे आपोआप आला. गठ्ठा कमी व्हावा असं खरंच वाटत असेल तर चांगल्या सवयींचे धडे कामाचे नाहीत, वाटणी बदलायला हवी. हौशी मंडळी एकत्र बसून किटं जोडतात तेव्हा ती वाटणी थोडी बदलते. आपल्याकडे देण्याघेण्याचे पाच पीस वाटण्याऐवजी एकाच पीसबरोबर त्याच्या शिलाईचे पैसे पाकिटात घालून दिले, तर ओटीचा मान राहील आणि कापडाची चोळीही होईल. आणि शिलाईला खरी किंमत मोजायची सवय एकदा लागली, तर लेस लावणाऱ्या लिंबायतच्या हातांना नगामागे इतकं कमी का मिळतं, हा प्रश्नही त्याच घरात विचारला जाईल.